माशीची उंची, गोळीची वाट

नळीच्या तोंडातून आधी दारू आणि मग गोळी भरून, ती गजाने तळापर्यंत ठासून उडवावयाच्या बंदुकीला मराठीत ठासणीची बंदूक म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या बंदुकीचे सर्वांत प्रगत रूप म्हणजे लष्करी रायफल होय. नळीच्या आतून पिळाप्रमाणे फिरत जाणाऱ्या खाचा, म्हणजे आटे, असलेल्या अशा रायफलींच्या प्रतिकृती आज युरोप-अमेरिकेत कारखान्यांतून तयार होतात आणि त्यांवर नेमबाजीच्या स्पर्धाही भरतात. अशी नवी प्रतिकृती प्रथमच नेमबाजीच्या मैदानावर नेणाऱ्यास बहुधा एकच अनुभव येतो, तो असा की, ५० मीटरवरच्या लक्ष्याच्या मध्यावर काळजीपूर्वक नेम धरूनही गोळ्या मध्यापासून वीतभर वर जाऊन लागतात. बनवणाऱ्याने साइट, म्हणजे नेम धरण्याची साधने, चुकीची बसवली, असा निष्कर्ष अशा वेळी चटकन काढला जातो; परंतु पुष्कळदा तो खरा नसतो. मूळ बंदूक ज्या अंतरासाठी, ज्या गोळीसाठी आणि दारूच्या ज्या मापासाठी घडवली गेली, ते सारे बदलले असून केवळ तिचा आकार तेवढा जसाच्या तसा उतरवला गेला आहे, हे या विसंगतीचे मूळ असते. म्हणूनच अशा बंदुकीची साइट जुळवणे म्हणजे एखादा दोष काढणे नव्हे, तर आकाराने पूर्ण झालेली प्रतिकृती कार्यानेही पूर्ण करणे होय.

प्रतिकृतींचा उदय

जुन्या ठासणीच्या बंदुकांविषयीची आस्था अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच संघटित झाली होती. तेथील राष्ट्रीय ठासणी-रायफल संघटना, म्हणजे नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन, १९३३ मध्ये स्थापन झाली आणि इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप हे लहानसे गाव तिच्या स्पर्धांचे केंद्र बनले. पुढे १९५० मध्ये, यादवी युद्धातील दोन्ही बाजूंच्या पथकांच्या नावाने सांघिक नेमबाजी करणारी नॉर्थ-साउथ स्कर्मिश असोसिएशन उभी राहिली. प्रारंभी या मंडळींच्या हाती मूळ जुन्याच बंदुका होत्या. मात्र शंभर वर्षांची नळी पुन्हा पुन्हा उडवण्यातील धोका, मूळ वस्तूंची वाढती दुर्मिळता आणि १९६१ ते १९६५ या काळात साजरी झालेली यादवी युद्धाची शताब्दी यांमुळे नव्याने घडवलेल्या प्रतिकृतींना मोठी मागणी निर्माण झाली. ही मागणी मुख्यतः इटलीच्या ब्रेशा प्रांतातील गार्दोने व्हाल ट्रोंपिया या गावाने भागवली. बंदुका घडवण्याची परंपरा तेथे शतकानुशतके चालत आली असून दाविदे पेदेर्सोली आणि आल्दो उबेर्ती यांसारख्या कारखानदारांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस तेथेच आपले व्यवसाय सुरू केले. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल या कारखान्याने १९७० च्या दशकात एनफिल्ड रायफलींच्या प्रतिकृती काढल्या आणि मूळ मापांशी असलेल्या त्यांच्या निष्ठेमुळे त्या आजही नावाजल्या जातात. १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठासणीच्या बंदुकांच्या नेमबाजीची एमएलएआयसी ही संघटना अस्तित्वात आली. तिच्या स्पर्धांमध्ये अर्ध्या तासात १३ गोळ्या झाडून त्यांतील उत्तम १० धरल्या जातात, आणि मूळ बंदुका व प्रतिकृती यांच्यासाठी स्वतंत्र गट ठेवलेले असतात.

या साऱ्या प्रतिकृतींमध्ये ब्रिटिश लष्कराची १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल साइटच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे. तिच्या साइटची रचना विचारपूर्वक केलेली असून तिच्यामागचे लष्करी प्रयोजन स्पष्टपणे समजून घेता येते. शिवाय हिंदुस्थानच्या इतिहासाशी तिचा संबंध अत्यंत निकटचा आहे.

नेमाची रेषा आणि गोळीची वाट

साइट म्हणजे नेम धरण्यासाठी नळीवर बसवलेली दोन साधने. नळीच्या तोंडाजवळ जे उभे पाते किंवा मणी असतो त्यास माशी म्हणतात, तर नेमबाजाच्या डोळ्याच्या बाजूस, नळीच्या मागील भागावर, खाच असलेली मागची साइट असते. मागच्या खाचेतून पाहताना माशीचे टोक खाचेच्या बरोबर मध्यभागी आणि तिच्या वरच्या कडेच्या पातळीत आणून ते लक्ष्याशी जुळवले, की डोळा, खाच, माशी आणि लक्ष्य एका सरळ रेषेत येतात. ही नेमाची रेषा होय. गोळी मात्र या रेषेने जात नाही. नळीतून सुटल्या क्षणापासून ती गुरुत्वाकर्षणाने खाली येऊ लागते, त्यामुळे तिची वाट नेहमी वक्र असते. ती लक्ष्यावर पोहोचावी यासाठी नळीचे तोंड नेमाच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेले असावे लागते आणि हा सूक्ष्म कोन साधून देणे, एवढेच साइटचे काम असते. गोळी प्रथम नेमाच्या रेषेच्या खालून निघते, थोड्याच अंतरावर ती रेषा ओलांडून वर जाते, काही काळ वरून प्रवास करते आणि ठरलेल्या अंतरावर पुन्हा त्या रेषेस येऊन मिळते. ज्या अंतरावर हे दुसरे मीलन होते, त्या अंतरासाठी ती बंदूक जुळवलेली आहे, असे म्हटले जाते.

आधुनिक रायफलीची गोळी हलकी आणि अतिवेगवान असल्याने तिच्या बाबतीत ही वक्रता शंभर मीटरपर्यंत फारशी जाणवत नाही. एनफिल्डची गोळी मात्र ५३० ग्रेन, म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम वजनाची, शुद्ध शिशाची आणि तुलनेने मंद असे. तिचा आरंभीचा वेग सेकंदाला ३३५ मीटरच्या आसपास धरून ढोबळ हिशेब केला, तर १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर अंतर कापण्यास तिला सेकंदाचे तीन दशांश लागतात आणि तेवढ्या वेळात ती चाळीस सेंटिमीटरच्या घरात खाली येते. याचा दुसरा अर्थ असा, की १०० यार्डांसाठी बिनचूक जुळवलेली ही रायफल ५० यार्डांवर नेमाच्या बिंदूपेक्षा ८ ते १० सेंटिमीटर वर मारणारच. ५० मीटरच्या मैदानावर गोळ्या वर लागण्याचे पहिले कारण हे असे शुद्ध भूमितीचे आहे आणि त्यात कोणाचीही चूक नाही.

एनफिल्डची शिडी

एनफिल्डच्या मागच्या साइटची घडण या वक्र वाटेचाच हिशेब धातूत उतरवून दाखवते. तिच्या तळपट्टीच्या दोन्ही बाजूंस पायऱ्या कोरलेल्या असतात. वरची चौकट आडवी ठेवून तिच्यावरचा सरकता तुकडा एकेका पायरीवर नेला, म्हणजे खाच अनुक्रमे १००, २००, ३०० आणि ४०० यार्डांसाठी उंचावते. त्याहून लांबच्या लक्ष्यासाठी ती चौकट शिडीप्रमाणे उभी करून तिच्यावरच्या खुणांनुसार तुकडा वर सरकवावा लागतो. या खुणा ९०० यार्डांपर्यंत आणि नमुन्याप्रमाणे त्याच्याही पुढे जातात. त्याच काळातील अमेरिकेच्या १८६१ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीवर याऐवजी १००, ३०० आणि ५०० यार्डांसाठी दुमडत्या पात्यांची साधी व्यवस्था केलेली होती. दोन्हींमध्ये एक गोष्ट समान होती. सर्वांत खालची खूण १०० यार्डांचीच असे, त्याहून जवळच्या अंतरासाठी वेगळी सोय करण्याची गरज तत्कालीन लष्कराला वाटलीच नाही. समोर उभा असलेला माणूस ५० यार्डांवर असताना गोळी आठ-दहा सेंटिमीटर वर लागली तरी युद्धाच्या दृष्टीने काही बिघडत नसे.

लांबच्या अंतरावर मात्र फार बिघडत असे. ३०० यार्डांवर गोळीला पोहोचण्यास जवळजवळ एक सेकंद लागतो, त्या वेळात ती साडेचार मीटरहून अधिक खाली येते, आणि ही घट भरून काढण्यासाठी वाटेच्या मध्यावर तिला नेमाच्या रेषेपेक्षा एक मीटरहून अधिक उंचीवरून जावे लागते. म्हणजे ३०० यार्डांची खूण लावून छातीवर नेम धरलेल्या शिपायाची गोळी १५० यार्डांवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरून निघून जाईल. अशा बंदुकीचे यश हाताच्या स्थिरतेइतकेच अंतराच्या अचूक अंदाजावरही अवलंबून असते, हे ओळखून ब्रिटिश लष्कराने १८५३ मध्ये केंट परगण्यातील हाइथ येथे बंदूकबाजीचे शिक्षणकेंद्र काढले. ठराविक अंतरावर उभा असलेला माणूस डोळ्यांना केवढा दिसतो, त्याच्या पोशाखाचे कोणते तपशील ओळखू येतात आणि कोणते येत नाहीत, याचे निरीक्षण करून अंतर सांगण्याचा पद्धतशीर सराव तेथे करून घेतला जाई.

हिंदुस्थानात हीच रायफल १८५७ च्या प्रारंभी आली आणि तिचा वापर शिकवण्यासाठी डमडम, अंबाला आणि सियालकोट येथे केंद्रे उघडण्यात आली. तिच्या कागदी काडतुसाला लावलेल्या चरबीवरून उसळलेला असंतोष सर्वपरिचित आहे. उठावानंतर तिच्या साइटचे काय झाले, हा भाग तितकासा परिचित नाही. हिंदी शिपायांच्या हाती पुन्हा रायफल देण्यास सरकार धजावले नाही. त्यांच्यासाठी १८५८ चा जो नमुना तयार करण्यात आला, तो बाहेरून एनफिल्डसारखाच दिसे, परंतु त्याच्या नळीतील आटे काढून टाकून तिचे भोक ०.५७७ इंचावरून ०.६५६ इंचापर्यंत वाढवलेले असे, आणि चढत्या पायऱ्यांच्या साइटच्या जागी एकच स्थिर खाच बसवलेली असे. अशा रीतीने कोरून पातळ झालेल्या नळ्या कमकुवत ठरू लागल्याने पुढच्याच वर्षी जाड नळीचा १८५९ चा नमुना काढावा लागला. गुळगुळीत नळीची गोळी पिळाअभावी लांबवर सरळ जाऊ शकत नाही, तेव्हा अशा बंदुकीवर शेकडो यार्डांच्या खुणा ठेवण्यात अर्थही नव्हता. शिपायाची पोहोच किती असावी हे राज्यकर्त्यांनी ठरवले आणि तो निर्णय नळीच्या आतील भागाइतकाच तिच्यावरच्या लहानशा साइटवरूनही वाचता येतो. साइट हे बंदुकीचे गौण उपकरण नसून तिच्याकडून कोणती अपेक्षा आहे याचे विधान असते, हे या उदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या उदाहरणावरून होईल.

आधी बार, मग साइट

दारू, गोळी आणि त्यांच्यामधील कागद किंवा कापड यांनी मिळून जो भरणा होतो, त्याला मराठीत बार म्हणतात. कोणत्याही ठासणीच्या रायफलीची साइट जुळवण्यापूर्वी तिचा बार निश्चित करणे आवश्यक असते, कारण बार बदलला की गोळ्या लागण्याची जागाही बदलते. एनफिल्डच्या लष्करी बारात अडीच ड्रॅम, म्हणजे सुमारे ४.४ ग्रॅम काळी दारू असे. स्पर्धेतील नेमबाज मात्र बहुधा याहून हलका बार पसंत करतात, कारण त्यांना दूरची पोहोच नको असते, तर एकाच ठिकाणी गोळ्या पडणे हवे असते. बार हलका केला की गोळी मंदावते, साहजिकच ती अधिक खाली यावी अशी अपेक्षा असते. परंतु मंद गोळी नळीत अधिक काळ राहते आणि धक्क्याने वर उचलल्या जाणाऱ्या नळीच्या तोंडातून ती थोडी उशिरा सुटते, त्यामुळे जवळच्या अंतरावर ती उलट वरही लागू शकते. कोणत्या बंदुकीत यांपैकी कोणता परिणाम वरचढ ठरेल हे कागदावर ठरवता येत नाही, ते मैदानावरच पाहावे लागते.

गोळीचे माप हाही याच विचाराचा भाग आहे. एनफिल्ड जातीच्या रायफलीत लांबट, बुडाशी पोकळ अशी शिशाची गोळी वापरतात, जिचे तत्त्व फ्रेंच अधिकारी क्लोद-एत्येन मिनिए याच्या नावाशी जोडले गेले आहे. ती नळीच्या भोकापेक्षा किंचित बारीक असल्याने सहज आत जाते, आणि दारू पेटताच तिचे पोकळ बूड फुगून आट्यांमध्ये घट्ट बसते. गोळी गरजेपेक्षा फार बारीक असली किंवा शिसे कठीण असले, तर हे फुगणे अपुरे राहते व गोळ्या विखुरतात. पेनसिल्व्हेनियात जर्मन आणि स्विस वंशाच्या कारागिरांनी अठराव्या शतकात विकसित केलेल्या लांब रायफलींमध्ये याऐवजी गोल गोळी तेल-चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळून ठासतात. तेथे कापडाची जाडी बदलली तरी परिणाम बदलतो. त्यातच काळ्या दारूच्या ज्वलनानंतर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपाने उरत असल्यामुळे प्रत्येक बारानंतर नळीची स्थिती पालटत जाते. प्रत्येक गोळीनंतर नळी पुसणे किंवा ठराविक गोळ्यांनंतर पुसणे, यांपैकी कोणतीही एक रीत चालेल, परंतु ती शेवटपर्यंत तीच ठेवावी लागते.

या टप्प्यावर साइटला हातही न लावता, बंदुकीचा पुढचा लाकडी भाग वाळूच्या पिशवीवर एकाच ठिकाणी टेकवून, पाच-पाच गोळ्यांचे गट झाडले जातात. गोळ्या लक्ष्याच्या मध्यावर लागतात की नाही, याला येथे महत्त्व नाही. त्या एकमेकींच्या किती जवळ लागतात, एवढेच पाहायचे असते. सर्वांत आटोपशीर गट देणारा बार सापडला की तो लिहून ठेवावा आणि त्यानंतरच साइटकडे वळावे. एकट्या गोळीच्या खुणेवरून साइट हलवणे हा नवशिक्यांचा नेहमीचा दोष असतो. प्रत्येक गोळी थोडीफार इकडेतिकडे जाणारच असल्याने निर्णय नेहमी गटाच्या मध्यावरून घ्यावा लागतो.

काही दक्षता येथे अपरिहार्य ठरतात. ठासणीच्या बंदुकीत फक्त काळी दारू किंवा कारखान्याने मान्य केलेला तिचा पर्यायच वापरावा लागतो, आधुनिक निर्धूम दारूच्या दाबाने नळी फुटू शकते. दारू मोठ्या डब्यातून थेट नळीत न ओतता वेगळ्या मापाने ओतावी लागते, कारण नळीत एखादी ठिणगी धुमसत राहिली असेल तर डबाच पेट घेतो. गजावर रिकाम्या नळीची आणि भरलेल्या नळीची अशा दोन खुणा केलेल्या असाव्यात, म्हणजे गोळी दारूवर पक्की बसली आहे किंवा नाही आणि बंदूक भरलेली आहे किंवा नाही हे एका नजरेत कळते. साइटवर कानस चालवण्यापूर्वी गज रिकाम्या नळीच्या खुणेपर्यंत जातो, याची पडताळणी अटळ आहे.

कानस आणि हिशेब

साइट कोणत्या दिशेस हलवावी याचा नियम सोपा आहे. मागची साइट ज्या दिशेस सरकवावी त्याच दिशेस गोळ्या सरकतात, तर माशी ज्या दिशेस सरकवावी त्याच्या विरुद्ध दिशेस त्या जातात. माशी उंच केली की तिचे टोक खाचेशी जुळवण्यासाठी नळीचे तोंड खाली आणावे लागते, म्हणून गोळ्या खाली लागतात. माशी घासून बुटकी केली की गोळ्या वर चढतात. यावरून नव्या प्रतिकृतीच्या धन्यापुढील खरी अडचण लक्षात येते. त्याच्या गोळ्या आधीच वर लागत असतात, त्यांना खाली आणण्यासाठी माशी उंच व्हायला हवी, आणि कानशीने धातू काढता येतो, वाढवता येत नाही.

किती उंची वाढवावी हे समरूप त्रिकोणांच्या साध्या प्रमाणावरून काढता येते. माशी आणि मागची खाच यांच्यातील अंतरास नेमाची लांबी म्हणू. माशीच्या उंचीतील बदलाला नेमाच्या लांबीने भागले असता जे गुणोत्तर येते, तेच गोळीच्या सरकण्याला लक्ष्याच्या अंतराने भागल्यावर येते. उदाहरणादाखल, नेमाची लांबी ९०० मिलिमीटर आणि लक्ष्याचे अंतर ५० मीटर असेल, तर माशीतील १ मिलिमीटरचा फरक लक्ष्यावर सुमारे ५५ मिलिमीटर होऊन दिसतो. गट १०० मिलिमीटर वर लागत असेल तर माशी १.८ मिलिमीटरने उंच हवी. आखूड नळीच्या रायफलीत नेमाची लांबी ५०० मिलिमीटर असली, तर तोच १ मिलिमीटर ५० मीटरवर १०० मिलिमीटरचा फरक घडवून आणतो. म्हणून आखूड बंदुकीवर कानस अधिक हलक्या हाताने चालवावी लागते.

प्रत्यक्षात हिशेबाने आलेल्या उंचीपेक्षा जाणूनबुजून थोडे अधिक उंच पाते बसवले जाते. एनफिल्डच्या माशीचा पोलादी ठोकळा नळीवर पक्का डाखलेला असतो आणि संगीन अडकवण्यासाठीही तोच उपयोगी पडतो, तेव्हा तो समूळ काढण्यापेक्षा त्याच्या माथ्यावर बारीक चीर पाडून तीत पितळेचे किंवा पोलादाचे नवे पाते कथलाच्या डाखाने बसवणे श्रेयस्कर ठरते. या उंच पात्याने पहिला गट अपेक्षेप्रमाणे खाली लागतो. मग बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, पात्याच्या माथ्यावरून बारीक दातांची कानस सपाट धरून दोन-चार हात फिरवायचे, धातूचा कीस पुसून टाकायचा, पुन्हा पाच गोळ्यांचा गट झाडायचा आणि गट किती वर चढला ते मोजायचे, असा क्रम चालतो. गट मध्याच्या जवळ येऊ लागला की कानशीचे हात कमी करत जावे आणि मध्याच्या किंचित खाली असतानाच थांबावे, कारण पुढील दिवशीची हवा, प्रकाश आणि नेमबाजाचा सराव यांमुळे गट थोडा हलतोच. एकदा घासलेला धातू मात्र परत येत नाही. शेवटी माथ्याची धार मोडून पात्याची मागची बाजू सपाट आणि उभी ठेवली जाते, म्हणजे डोळ्याला तिची कड स्वच्छ दिसते.

डावी-उजवी दुरुस्ती बंदुकीच्या जातीप्रमाणे बदलते. पेनसिल्व्हेनियाच्या लांब रायफलींमध्ये माशी आणि मागची साइट या दोन्ही नळीत आडव्या कोरलेल्या, तळाशी रुंद आणि वर निमुळत्या अशा खोबणीत घट्ट बसवलेल्या असतात. तेथे पितळी ठोकणीने हलके ठोके देऊन साइट बाजूला सरकवता येते, आणि आरंभी नळी व साइट यांवरून एक बारीक समाईक रेघ ओढून ठेवली तर किती सरकली ते मोजताही येते. एनफिल्डवर अशी खोबण नसल्यामुळे पाते बसवतानाच ते किंचित डावीकडे किंवा उजवीकडे घ्यावे लागते, अथवा मागची खाच एका बाजूने अत्यल्प रुंद करावी लागते. जुने कारागीर क्वचित नळीच हलकेच वाकवून हा दोष काढत, परंतु ते कसब अनुभवी हातांचेच काम होते. याउलट १९७० पासून अमेरिकेत विकली गेलेली थॉम्पसन/सेंटर कंपनीची हॉकेन रायफल मुळातच स्क्रूने वरखाली आणि आजूबाजूस फिरणाऱ्या मागच्या साइटसह मिळे. सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंचे नाव तिला असले तरी ही सोय एकोणिसाव्या शतकातली नव्हती. शिकणाऱ्याला ती सोयीची ठरते, परंतु ऐतिहासिक निष्ठेच्या स्पर्धांमध्ये साइट मूळ जातीचीच असावी अशी अपेक्षा असल्याने तेथे कानस आणि हिशेब यांनाच पर्याय उरत नाही.

डोळा आणि प्रकाश

साइट बिनचूक बसली तरी ती पाहणारा डोळा चुकू शकतो. मागची खाच, माशी आणि लक्ष्य या तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या वस्तू डोळा एकाच वेळी स्पष्ट पाहू शकत नाही, म्हणून नजर माशीच्या टोकावर स्थिर ठेवून लक्ष्य थोडे धूसर राहू देणे, हा नेमबाजीचा मूलभूत नियम बनला आहे. लक्ष्याच्या काळ्या वर्तुळाच्या मध्यावर काळी माशी धरली तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. त्यामुळे पुष्कळ नेमबाज वर्तुळाच्या खालच्या कडेला माशी टेकवून नेम धरतात आणि गोळ्या मध्यावर याव्यात अशा रीतीने माशीची उंची ठरवतात. तेव्हा नेम कोठे धरायचा हे कानस हाती घेण्यापूर्वीच निश्चित व्हावयास हवे. पितळेच्या किंवा चांदीच्या चकाकत्या माशीवर एका बाजूने ऊन पडले, की तीच बाजू माशीचा मध्य असल्याचा भास डोळ्याला होतो आणि गोळ्या उन्हाच्या विरुद्ध बाजूस जातात. कार्बाइडच्या दिव्याची काजळी धरून माशी काळी करण्याची नेमबाजांची रीत याच कारणाने रूढ झाली. साइट जुळवण्याचे काम शक्यतो प्रकाश सम असलेल्या वेळी करावे, अन्यथा सकाळच्या उन्हाचा भास कायमचा धातूत कोरला जाण्याची भीती असते.

महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, पिकांच्या रक्षणासाठी परवान्याने बाळगलेल्या ठासणीच्या बंदुका अद्याप आढळतात. परंतु त्यांची नळी गुळगुळीत असते, त्यांतून बहुधा छर्रे जवळच्या अंतरावर उडवले जातात आणि तोंडाशी असलेली साधी माशी तेवढ्या कामास पुरते. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली ठासणीची बंदूकही सर्वसाधारणपणे परवान्याशिवाय बाळगता येत नाही, कोडगू जिल्ह्यातील विशिष्ट समाजांना असलेली सवलत हा त्याचा प्रसिद्ध अपवाद होय. त्यामुळे प्रतिकृतींवरील क्रीडा म्हणून हा छंद येथे रुजलेला नाही. तरीही त्यातील विचार मराठी वाचकालाही महत्त्वाचा वाटावा असा आहे. संग्रहालयाच्या काचेआड ठेवलेल्या एनफिल्डच्या पायऱ्या पाहताना त्या प्रत्येक पायरीमागे गोळीच्या पडण्याचा हिशेब, दारूचे ठरावीक माप आणि समोरच्या माणसाचे अंतर गृहीत धरलेले आहे, हे कळले तर ती वस्तू निव्वळ शोभेची राहत नाही.

प्रतिकृतीच्या बाबतीत प्रामाणिकपणा कशात आहे, हा प्रश्न अखेरीस येथे येऊन ठेपतो. कारखान्यातून आली तशीच माशी ठेवून दर वेळी लक्ष्याच्या खाली अंदाजे नेम धरणे, यास काही जण मूळ वस्तूशी निष्ठा समजतात. परंतु मूळ घडवणाऱ्यांनी माशीची उंची आपल्या बाराच्या आणि आपल्या अंतराच्या हिशेबाने ठरवली होती. तोच हिशेब आजच्या बारासाठी आणि आजच्या मैदानासाठी नव्याने मांडणे हीच त्यांच्या कामाशी अधिक खरी निष्ठा होय. जुळवणी पूर्ण झाल्यावर दारूची जात व माप, गोळीचे वजन व व्यास, नळी पुसण्याची रीत, अंतर आणि माशीची अंतिम उंची ही सर्व माहिती एका कागदावर लिहून बंदुकीसोबत ठेवावी. यांपैकी एक गोष्ट जरी पुढे बदलली तरी साइटचे विधान खोटे ठरते, आणि ते पुन्हा खरे करण्यासाठी कोठून आरंभ करावा हे त्या नोंदीवरूनच कळते.